विश्लेषण : पाव स्वस्त, हवा स्वच्छ आणि भट्टीही सुरू, तिन्ही एकदम कसे जमणार?

*लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला. जोगेश्वरीसारख्या दाट वस्तीच्या उपनगरात त्याचा अर्थ काय? पाव किती महाग होऊ शकतो? आणि ‘शाश्वत व्यवसाय’ या शब्दाची खरी कसोटी एका छोट्या भट्टीपाशी का लागते?*

नेमके प्रकरण काय आहे?

मुंबईची हवा २०२३ च्या हिवाळ्यात इतकी बिघडली की मुंबई उच्च न्यायालयाने त्या वर्षी ऑक्टोबरअखेर स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. बांधकामांची धूळ, वाहनांचा धूर, उघड्यावर जाळला जाणारा कचरा हे सारे विषय त्यात आले. या याचिकेवर ९ जानेवारी २०२५ रोजी न्यायालयाने दिलेल्या आदेशात बेकऱ्यांचा ठळक उल्लेख होता. लाकूड वा कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांनी आणि तत्सम व्यवसायांनी सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळावे आणि नव्या बेकऱ्यांना परवाना देताना लाकूड-कोळशाला मुभा देऊ नये, असे न्यायालयाने सांगितले. आधी महापालिकेच्या विचारात यासाठी एक वर्षाचा अवधी होता, तो न्यायालयाने निम्म्यावर आणला.

त्यानंतर महापालिकेने शहरभर नोटिसा धाडल्या. बेकऱ्यांबरोबर कोळशाचे तंदूर वापरणारी हॉटेले आणि ढाबेही त्यात आले. मुदत जुलै २०२५ मध्ये संपत होती. बेकरीचालकांच्या संघटनांनी आणि काही बेकऱ्यांनी वाढीव वेळ मागितला. गॅसची जोडणी, नवी भट्टी, परवानग्या आणि कर्ज हे सगळे सहा महिन्यांत बसत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

बेकऱ्यांचा धूर एवढा महत्त्वाचा का?

मुंबईच्या एकूण प्रदूषणात वाहने, बांधकामे, रस्त्यांवरची धूळ आणि उद्योग यांचा वाटा मोठा आहे. तरीही बेकरीच्या धुराचा प्रश्न वेगळा आहे, कारण तो घराच्या खिडकीशी येतो. कारखान्याची चिमणी उंच असते आणि तिचा धूर वर जाऊन पांगतो. वस्तीतल्या बेकरीची चिमणी बहुधा शेजारच्या पोटमाळ्याच्या किंवा पहिल्या मजल्याच्या उंचीवर संपते. भट्टी पेटते रात्री, आणि हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची थंड हवा धूर वर जाऊ देत नाही. त्याच वेळी शेजारची माणसे झोपलेली असतात.

लाकडाच्या धुरात ‘पीएम २.५’ म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण असतात. ते फुप्फुसात खोलवर जातात. भारतात या कणांची वार्षिक सरासरी मर्यादा घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा फक्त ५ आहे.

दुसरा मुद्दा लाकडाच्या जातीचा. ‘बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुप’ या संस्थेने मुंबईतील बेकऱ्यांची पाहणी केली, तेव्हा जवळपास निम्म्या बेकऱ्या लाकडावर चालत असल्याचे दिसले. त्यात मोडक्या फर्निचरचे आणि भंगारातले लाकूड बरेच होते, कारण ते ओंडक्यांपेक्षा स्वस्त पडते. प्लायवुड गोंदाने चिकटवलेले असते, जुन्या फर्निचरवर रंग आणि पॉलिश असते. ते जळताना निव्वळ लाकडाचा धूर निघत नाही, फॉर्मल्डिहाइडसारखी घातक रसायनेही हवेत मिसळतात. हा धूर सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त घेतो तो भट्टीसमोर रात्रभर उभा असलेला कामगार.

जोगेश्वरीत हा प्रश्न कसा दिसतो?

जोगेश्वरी रेल्वेमार्गाने दुभंगलेली आहे. पूर्वेला मजासवाडी, मेघवाडी, बांद्रेकरवाडी. पश्चिमेला बेहराम बाग आणि ओशिवऱ्याकडे सरकणारी वस्ती. पश्चिम द्रुतगती महामार्ग आणि जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता यांची वाहतूक, जोडरस्त्यावरून विक्रोळीकडे जाणाऱ्या ‘मेट्रो ६’चे बांधकाम आणि जागोजागी उभे राहणारे पुनर्विकासाचे टॉवर, असा धुळीचा भार या उपनगरावर आधीच आहे.

पहाटे सायकलीला टोपल्या लावून घरोघरी, टपऱ्यांवर आणि वडापावच्या गाड्यांवर लादीपाव पोहोचवणारी साखळी अशाच वस्त्यांतून चालते. पाव ताजा हवा असतो, त्यामुळे बेकरी गिऱ्हाइकाच्या जवळच लागते. ती शहराबाहेर औद्योगिक वसाहतीत हलवली तर वाहतुकीचा खर्च वाढतो आणि पहाटेचे वेळापत्रक कोलमडते. म्हणून ‘प्रदूषण करणारा उद्योग बाहेर हलवा’ हा नेहमीचा उपाय इथे फारसा चालत नाही.

जोगेश्वरी पश्चिमेला स्वामी विवेकानंद मार्गावर ओशिवऱ्याचा मोठा फर्निचर बाजार आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथे भीषण आग लागली आणि अनेक दुकाने जळाली. लाकूडकामाचे असे बाजार आणि शहरभरचे सुतारकामाचे गाळे रोज तुकडे, फळ्या, जुने पलंग-कपाटे बाहेर टाकतात. हे भंगार कुणीतरी विकत घेते म्हणून ते साचत नाही. बेकऱ्यांनी ते घेणे बंद केले तर ते कुठे जाणार, हा प्रश्न आदेशात नाही, पण उपनगराच्या रोजच्या व्यवहारात आहे. एका जागी विझवलेला विस्तव दुसरीकडे कचऱ्याच्या ढिगात पेटू नये, याची तजवीज करावी लागेल.

‘शाश्वत व्यवसाय’ या कल्पनेशी याचा काय संबंध?

ब्रिटिश लेखक आणि सल्लागार जॉन एल्किंग्टन यांनी १९९४ मध्ये ‘तिहेरी ताळेबंद’ ही कल्पना मांडली. कंपनीने नफ्याबरोबर समाजाचे आणि पर्यावरणाचेही हिशेब ठेवावेत, असा तिचा गाभा. पुढे ती जगभरच्या अहवालांत शिरली. भारतात ‘सेबी’ने बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून जबाबदारी व शाश्वतता अहवाल बंधनकारक केला. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठराविक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते.

मात्र २०१८ मध्ये एल्किंग्टन यांनी स्वतःच आपल्या कल्पनेचा फेरविचार करण्याची गरज बोलून दाखवली. ती केवळ हिशेबाची चौकट होऊन बसली आहे आणि व्यवसाय करण्याची पद्धत बदललेली नाही, ही त्यांची तक्रार होती.

वस्तीतली बेकरी यातल्या कुठल्याच नियमात बसत नाही. ती अहवाल छापत नाही, तिच्याकडे शाश्वतता अधिकारी नाही. पण तिन्ही उद्दिष्टे तिच्यापाशी रोज रात्री समोरासमोर येतात. पाव गरिबाला परवडला पाहिजे आणि कामगारांची नोकरी टिकली पाहिजे, ही सामाजिक बाजू. धूर थांबला पाहिजे, ही पर्यावरणाची. आणि महिनाअखेर मैदा, भाडे, पगार भागवून काही उरले पाहिजे, ही आर्थिक. मोठ्या कंपनीत एका विभागाचा तोटा दुसरा विभाग भरून काढतो. बेकरीवाल्याकडे तशी सोय नाही.

लाकूड सोडून गॅस घेतला तर पावामागे किती खर्च वाढेल?

अंदाज येण्यासाठी एक ढोबळ हिशेब मांडता येतो. आकडे बेकरीगणिक बदलतील, पण प्रमाण कळेल.

साधारण २० किलो मैद्याचे पाव भाजायला चार-पाच किलो लाकूड लागते. म्हणजे रोज १०० किलो लाकूड जाळणारी बेकरी सुमारे ४०० किलो मैदा वापरते. एका पावाला ३३ ग्रॅमच्या आसपास मैदा धरला तर रोजचे १२ हजार पाव झाले. भंगारातले लाकूड पाच रुपये किलो धरले, तर इंधनाचा खर्च ५०० रुपये.

तेवढ्याच भाजणीला १९ किलोचे दोन व्यावसायिक सिलिंडर लागतील असे समजू. २०२५ मध्ये मुंबईत या सिलिंडरचा दर साधारण दीड ते पावणेदोन हजार रुपयांदरम्यान राहिला. १,६५० रुपये धरल्यास रोजचे ३,३०० रुपये. फरक २,८०० रुपयांचा. तो १२ हजार पावांवर वाटला तर पावामागे सुमारे २३ पैसे.

आता नव्या भट्टीचे कर्ज. मोठ्या बेकरीने आठ लाख रुपये १२ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता १७,८०० रुपयांच्या घरात जातो, म्हणजे पावामागे पाच पैसे. रोज तीन हजार पाव काढणाऱ्या छोट्या बेकरीने चार लाख घेतले, तर हप्ता ८,९०० रुपयांच्या आसपास आणि पावामागचा भार दहा पैसे. एकूण वाढ पावामागे २८ ते ३३ पैसे. सहा पावांच्या छोट्या लादीमागे पावणेदोन ते दोन रुपये.

वडापाव खाणाऱ्याच्या दृष्टीने ही वाढ किरकोळ आहे. बेकरीवाल्याच्या दृष्टीने मात्र ती किरकोळ नाही. घाऊक पावावर त्याला सुटणारा नफाच पैशांत मोजला जातो. त्यामुळे ही वाढ पुढे सरकवता आली नाही, तर त्याचा धंदा तोट्यात जातो.

मग भाव वाढवला की प्रश्न सुटला, असे का होत नाही?

पहिली अडचण स्पर्धेची. एका बेकरीने कर्ज काढून गॅसची भट्टी बसवली आणि लादीमागे दोन रुपये वाढवले. पलीकडच्या गल्लीतली बेकरी भंगार लाकडावरच चालू राहिली आणि जुन्याच भावाने लादी देत राहिली. सायकलवाला आणि टपरीवाला दोन रुपयांसाठी पलीकडे जाणार. म्हणजे नियम पाळणारा मार खातो आणि न पाळणारा त्याचे गिऱ्हाईक घेतो. अंमलबजावणी अर्धवट झाली, तर ती प्रामाणिक बेकरीवाल्यालाच बुडवते. सगळ्यांचा खर्च एकदम वाढला तर भाव एकदम वाढतो आणि कुणाचे गिऱ्हाईक तुटत नाही. या अर्थाने, सर्वांना सारखा लागू होणारा कडक नियम छोट्या व्यावसायिकाच्या विरोधात जात नाही, उलट त्याला आधार देतो.

दुसरी अडचण कागदपत्रांची. अनेक जुन्या बेकऱ्या भाड्याच्या, पागडीच्या किंवा झोपडपट्टीतल्या जागेत आहेत. बँकेला तारण हवे, गॅस कंपनीला जागेचा पुरावा हवा, आणि जागामालकाला पुनर्विकासाची वाट पाहायची असते. दोन वर्षांत इमारत पाडली जाणार असेल, तर पाच वर्षांच्या कर्जावर भट्टी कोण बसवणार?

तिसरी अडचण सुरक्षिततेची. पाइपचा गॅस सर्वांत सोयीचा, पण अरुंद गल्लीत वाहिनी टाकायला रस्ता खोदण्याची परवानगी आणि पुरेशी जागा लागते. सिलिंडर वापरायचे तर १०० किलोपर्यंतचा एलपीजी साठा स्वतंत्र परवान्याशिवाय ठेवता येतो. याचा अर्थ १९ किलोचे पाच सिलिंडर. छोट्या बेकरीला तेवढे पुरतात, पण दाट वस्तीत ते ठेवण्यासाठी हवेशीर, सुरक्षित जागा हवी. विजेच्या भट्टीला धूर नाही, पण मंजूर विद्युतभार वाढवून घ्यावा लागतो आणि त्यासाठी पुन्हा जागेचे कागद लागतात.

करव्यवस्था काय सांगते?

इथे एक फारशी चर्चा न होणारी गाठ आहे. पावावर जीएसटी नाही. गरिबाचे अन्न म्हणून ते योग्यच. पण विक्री करमुक्त असली की खरेदीवर भरलेला कर परत मिळत नाही. व्यावसायिक एलपीजीवर १८ टक्के जीएसटी आहे, भट्टीसारख्या यंत्रावरही कर आहे. केवळ पाव बनवणाऱ्या बेकरीला हा कर खर्चातच धरावा लागतो. भंगारवाल्याकडून रोखीने घेतलेल्या लाकडावर प्रत्यक्षात असा भार पडत नाही. म्हणजे करव्यवस्था नकळत धुराच्या बाजूने झुकते.

पाइप गॅसच्या बाबतीत चित्र थोडे बरे आहे. नैसर्गिक वायू जीएसटीच्या बाहेर आहे आणि महाराष्ट्राने एप्रिल २०२२ पासून त्यावरील व्हॅट १३.५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला. त्यामुळे जिथे वाहिनी पोहोचते तिथे गणित सुधारते. प्रश्न पोहोचण्याचा आहे.

मदतीच्या योजना आहेत का?

आहेत. केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची ‘पीएमएफएमई’ योजना जून २०२० मध्ये सुरू झाली. तिच्यात प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल दहा लाख रुपये, कर्जाशी जोडलेले अनुदान मिळते. वरच्या उदाहरणातल्या छोट्या बेकरीला चार लाखांवर हे अनुदान मिळाले, तर कर्जाचा भार पावामागे दहा पैशांवरून साडेसहा पैशांवर येतो. ‘मुद्रा’ योजनेतून तारणाशिवाय कर्जाची सोय आहे.

अडचण अशी, की या योजना नोंदणी, परवाना, बँक व्यवहार आणि जागेचा पुरावा असलेल्यांसाठी आखलेल्या आहेत. ज्यांना मदतीची सर्वाधिक गरज आहे, त्यांच्याकडेच हे कागद अपुरे असतात. नोटीस देणारा महापालिकेचा विभाग वेगळा, अनुदान देणारे खाते वेगळे, गॅस कंपनी तिसरी आणि बँक चौथी. आदेशाला तारीख असते, मदतीला नसते.

असा बदल आधी कुठे झाला आहे?

ताजमहालाच्या परिसरातला दाखला बोलका आहे. संगमरवर पिवळा पडत असल्याच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ रोजी आग्रा परिसरातील २९२ कोळसाधारित उद्योगांना नैसर्गिक वायूकडे वळा किंवा स्थलांतर करा, असा आदेश दिला. कामगारांच्या हक्कांचीही त्यात दखल घेतली होती. जवळच्या फिरोजाबादचा काच उद्योग पिढ्यान्‌पिढ्या कोळशावर चालत होता. तिथे वाहिनीने गॅस पोहोचला आणि तो सवलतीच्या दरात मिळाला, म्हणून भट्ट्या बदलल्या आणि बांगड्यांचा धंदाही टिकला. पुढे गॅसचा दर आणि कोटा यांवरून तिथे वाद झाले, ते होत राहतात. पण न्यायालयाची तारीख आणि इंधनाची उपलब्धता एकमेकांना धरून चालली, तरच बदल टिकतो, हे तिथे दिसले.

मुंबईत आदेश आला, पण प्रत्येक वस्तीत गॅस कधी आणि कोणत्या दराने पोहोचणार, याचे वेळापत्रक त्याच्यासोबत आले नाही.

बेकरीवाल्यांचा ‘आम्हीच का?’ हा प्रश्न रास्त आहे का?

अंशतः. जोडरस्त्यावरच्या अवजड वाहनांचा धूर आणि टॉवरच्या बांधकामांची धूळ तशीच राहिली आणि फक्त भट्ट्या विझल्या, तर जोगेश्वरीकराला हवेत मोठा फरक जाणवणार नाही. न्यायालयाने त्याच आदेशात पेट्रोल-डिझेल वाहने टप्प्याटप्प्याने कमी करण्याबाबत अभ्यास करायला सांगितले आणि राज्य सरकारने त्यासाठी समिती नेमली. एकाला समिती आणि दुसऱ्याला सहा महिन्यांची मुदत, ही तफावत बेकरीवाल्यांना खुपते.

पण या प्रश्नाची दुसरी बाजूही आहे. भंगार लाकूड स्वस्त वाटते, कारण त्याची उरलेली किंमत दुसरे कुणीतरी भरत असते. शेजारच्या खोलीतले दमेकरी मूल, भट्टीवरचा कामगार आणि त्यांचा औषधांचा खर्च पावाच्या भावात धरलेला नसतो. इतरांचे प्रदूषण मोठे आहे म्हणून ही उधारी चालू ठेवावी, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

मग समतोल म्हणजे काय?

तिन्ही उद्दिष्टांना सारखे वजन देऊन प्रत्येकातून थोडे थोडे कापणे, असा समतोलाचा अर्थ घेतला जातो. बेकरीच्या उदाहरणात तो टिकत नाही. अर्धा धूर हा पर्याय नाही. धूर थांबवणे ही अट पक्की धरायची आणि तिचा खर्च कुणी, किती आणि किती काळात उचलायचा, हे वाटून घ्यायचे, असा क्रम लावला तर वाट निघते.

त्या वाटणीत गिऱ्हाइकाचा हिस्सा लादीमागे दोन रुपयांपर्यंत. सरकारचा हिस्सा अनुदान आणि इंधनावरच्या कराचा फेरविचार. गॅस कंपनी आणि महापालिकेचा हिस्सा वस्तीनिहाय वाहिनीचे वेळापत्रक आणि एक खिडकी. बेकरीवाल्याचा हिस्सा कर्ज आणि जुनी सवय मोडणे. शिवाय भट्टी सांभाळणाऱ्या कामगाराचे काम नव्या यंत्रामुळे जाणार असेल, तर त्याला नवी भट्टी चालवायला शिकवणे हा खर्च कुणाच्या खात्यात टाकायचा, तेही ठरवावे लागेल.

पावामागे तीस-एक पैशांचा हा हिशेब आहे. तो उघडपणे वाटला गेला नाही, तर छोट्या बेकऱ्या बंद पडतील आणि त्यांची जागा मोठ्या कारखान्यांचा पिशवीबंद पाव घेईल. किंवा भट्ट्या रात्री गुपचूप पेटत राहतील. पहिल्यात रोजगार जाईल, दुसऱ्यात हवा. जोगेश्वरीच्या गल्ल्यांत पुढच्या हिवाळ्यात किती भट्ट्यांना गॅसची जोडणी मिळालेली असेल, यावरून मुंबईने कोणता रस्ता निवडला ते कळेल.